साखळीतलं घर

ट्रॉली कोणाची, हे ओळखायला लालीबाईला क्षणभरही लागला नाही.

संघर्षनं मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून दिवाणावर उभा केला होता. झुंजूमुंजू उजाडतानाचं चित्रण होतं, हात हलल्यामुळं थरथरणारं. तांड्यामागच्या नाल्याच्या काठाला ट्रॅक्टर मागं लावलेला, ट्रॉली वर उचललेली आणि तिच्यातून काळ्या-रुपेरी पन्नीचे गठ्ठे धपाधप खाली घसरत होते. मिरचीच्या अन् टरबुजाच्या वावरात बेडावर अंथरतात ती मल्चिंगची प्लास्टिक पन्नी. चालवणाऱ्याचं तोंड दिसत नव्हतं, नंबरही दिसत नव्हता. पण ट्रॉलीच्या बाजूच्या फळीवर एक मोर रंगवलेला होता. नागपूरला शिकायला जाण्याआधी लालीबाईच्या पोरानं, सोनूनं तो काढला होता. त्याची मान जरा जास्तच लांब झाली होती आणि त्यावरून घरात महिनाभर थट्टा चालली होती.

ती ट्रॉली तिच्या नवऱ्याची होती. बादलची.

"आज सकाळचंच हाये," संघर्ष म्हणाला. तो मुकुटबनकडचा पोरगा, पैनगंगेच्या काठच्या गावांचं काम पाहायचा. सभेच्या तयारीला कालच आला होता आणि देवळाच्या मंडपात झोपला होता. "मी नाल्याकडं गेलतो. आवाज आला म्हणून पाह्यलं, तं हे. ताई, आपल्या सभेच्या दिवशी! कोणाची ट्रॉली असन?"

रंजिता मोबाइलवर वाकली होती. लालीबाईनं तिच्याकडं पाहिलं. पोरगी जेठाची, म्हणजे थोरल्या दिराची असली तरी लालीबाईच्याच हाताखाली वाढलेली. तिच्या मानेची शीर ताणली की आत काय चाललंय ते काकीला कळत असे. रंजितानंही मोर ओळखला होता.

"काही दिसून नाही राह्यलं," रंजिता म्हणाली. "लय अंधार हाये यात."

ही पोरगी लहानपणी मार खायची, पण खोटं बोलायची नाही.

"आपल्याले नाही दिसत, पण सभेत कोणी ना कोणी ओळखनच," संघर्षनं मोबाइल खिशात टाकला. "दुपारी पडद्यावर लावतो. ग्रुपवर नाही टाकत. नेम तसाच हाये ना आपला? नाव तोंडासमोर घ्याचं, मागून नाही."

हो, नेम तसाच होता. आणि तो याच ओसरीत ठरला होता.

चार-पाच वर्षांपूर्वी रंजिता शिकून परतली तेव्हा तिनं सांगितलेली गोष्ट ऐकून तांडा हसला होता. आर्णीजवळच्या या नाल्याचं पाणी अरुणावतीत जातं, अरुणावतीचं पैनगंगेत, आणि तसंच पुढं वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत थेट दर्यात. इथं टाकलेली पन्नी तिथल्या कासवाच्या गळ्यात जाते. दर्या कोणी पाहिला होता? पण तिच्या बापानं, तांड्याच्या नायकानं नेमसिंगनं, त्या दिवशी पागोटं सारखं करत म्हटलं होतं, "आपले वाडवडील बैलायच्या पाठीवर दर्याचं मीठ घेऊन इथवर आले. मंग दर्या आपला नाही कसा?" त्या एका वाक्यावर काम उभं राहिलं. आर्णीपासून मुकुटबनपर्यंत आणि तिथून पुढं थेट गोदावरीच्या मुखापर्यंत, नदीकाठच्या गावागावांत माणसं जोडली गेली. कोणी शेतकरी, कोणी बचत गटाच्या बाया, कोणी कोळी. लोक त्याला साखळी म्हणायला लागले. तांड्यातल्या बायांची कडी लालीबाईनं बांधली होती. दारोदार फिरून, 'नाल्यात टाकू नका, जाळू नका, आमच्याकडं द्या' सांगत.

आणि गोळा झालेलं सगळं जायचं बादलच्या भंगार गोदामात.

*

चुलीपुढं धनीबाई बसली होती. नेमसिंग-बादलची आई. कानानं कमी ऐकायची, पण जे ऐकू नये ते बरोबर ऐकायची.

"पोराले म्हणा, तो मोबाइल फोडून टाक," ती म्हणाली.

"याडी, असं नाही होत," रंजिता आजीला म्हणाली.

"काहून नाही होत? घरची गोष्ट घरात राह्यली पाह्यजे."

नेमसिंग दारात येऊन उभा राहिला. लालीबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. लग्न होऊन आल्यापासून ती जेठासमोर कधी बोलली नव्हती. काही सांगायचं असलं तर सासूकडं तोंड करून सांगायची.

"मले संघर्षनं दाखवलं," नेमसिंग म्हणाला. "म्या काही म्हणलं नाही. आता ऐका. आंध्रातून पाहुणी आली हाये. मुकुटबनचे लोक टेम्पो करून येऊन राह्यले. यवतमाळचे पत्रकार येतीन. आजचा दिवस जाऊ द्या. उद्या मी बादलले समोर बसवून झाडतो."

"मी संघर्षले समजावतो, बा," रंजिता म्हणाली. तिचा आवाज खाली होता. "म्हणतो का चित्र साफ नाही, खात्री करू मंग दाखवू."

लालीबाई चुलीतलं लाकूड उगाच मागंपुढं करत होती. न राहवून तिनं सासूकडं पाहत विचारलं, "अन् बबनरावाच्या येळी खात्री कोणी केलती?"

मागच्या साली मुकुटबनच्या सभेत बबनराव पाटलांचं नाव घेतलं गेलं होतं. फवारणीचे ड्रम त्यांनी पैनगंगेत धुतले होते. रंजितानंच उभं राहून नाव घेतलं होतं. पन्नाशीतला तो माणूस भर सभेत उठला, हात जोडले, "चुकलं" म्हणाला. नंतर कितीतरी दिवस बाजारात लोक त्यांना पाहून हसत. तरी ते साखळीत आले. आज तेच मुकुटबनचा टेम्पो घेऊन येत होते.

नेमसिंग निघून गेल्यावर रंजितानं काकीचा हात धरला.

"काकी, मले काय कळत नाही का? पण काका हाये तो. बा कॉलेजात घालायले तयार नव्हता तवा कोणं नेलं मले यवतमाळले? मोटरसायकलवर, पावसात. दिवसभर लाइनीत उभा राह्यला. जेवला नाही." तिचे डोळे भरून आले. "अन् आपल्याच घरातून हे निंघालं तं साखळी राहते का? सगळे म्हणतीन, यायनंच लोकायले शिकवलं अन् यायनंच टाकलं."

"अन् नाही निंघालं तं?" लालीबाई म्हणाली.

रंजितानं हात सोडला.

*

गोदाम तांड्याच्या कडेला, आर्णीच्या रस्त्याला लागून होतं. बादल औषधाच्या रिकाम्या बाटल्या पोत्यात भरत होता. आवार झाडून लख्ख केलेलं. पाठीमागच्या भिंतीपाशी महिनोन्महिने साचलेला पन्नीचा ढीग नव्हता. त्या जागेवर जमीन ओली, काळी आणि चौकोनी दिसत होती.

"सकाळी नाल्यावर गेलते तुमी," लालीबाई म्हणाली.

त्यानं मान वर केली नाही. "कोणं सांगतलं?"

"मोबाइलात पाह्यलं. मोर दिसला."

बादल पोत्यावर बसला. मोठ्या अंगाचा माणूस, बसला की जागा भरून जायची.

"नागपूरचा व्यापारी माती लागलेली पन्नी घेत नाही," तो म्हणाला. "बाटल्या घेते, ठिबकचे पाइप घेते. पन्नी म्हणते धुवून आण. कोठून आणू धुवायले पाणी? मागच्या हिवाळ्यापासून एक गोणा नाही घेतला त्यानं."

"मंग सांगाचं ना!"

"कोणाले?" आता त्याचा आवाज चढला. "रंजिता येते, फोटो काढते, 'काका, तुमच्यामुळंच चालून राह्यलं सगळं' म्हणते. तू अन् तुह्या बाया गोणे भरभरून आणता, अठी टाकता, हात झटकून जाता. एकीनं तरी इचारलं का मले, बादल, याचं पुढं काय होते म्हणून? तू इचारलं? रोज ताटावर बसतो तुह्यासमोर."

खरंच तिनं विचारलं नव्हतं. गोणा गोदामात पडला की काम झालं, असं तिला वाटायचं. रात्री अंग दुखायचं आणि त्या दुखण्याचा अभिमान वाटायचा.

"आज ते पाहुणे अठी येणार होते पाहायले," बादल म्हणाला. "ढीग दिसला असता तं पोरीचं नाक कापल्या गेलं असतं. तिच्यासाठीच केलं म्या."

"तिच्यासाठी केलं तं तिच्यासाठीच सभेत उठा. तुमीच सांगा. बबनरावानं सांगतलंच ना?"

बादल हसला, पण त्या हसण्यात हसू नव्हतं.

"बबनराव पाटील हाये. तो मान खाली घालून उभा राह्यला तं लोक म्हणतात, मोठ्या मनाचा माणूस. मी उभा राह्यलो तं काय म्हणतीन? लमाण्यायचं असंच असते. माह्यं एकट्याचं नाव नाही घेणार कोणी, लाली. अख्ख्या तांड्याचं घेतीन. ते पाह्यजे तुले?"

ती निघाली. फाटकापाशी पोचल्यावर त्यानं मागून हाक मारली.

"तू बोलशीन तं मी घरी येणार नाही, सांगून ठेवतो."

लालीबाईनं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिचे पाय तिथंच अडले असते, हे तिला ठाऊक होतं.

*

सेवालाल महाराजांच्या देवळापुढचा पत्र्याचा मंडप दुपारपर्यंत गच्च भरला. गेले काही दिवस पाऊस अधूनमधून येऊन जात होता. आज उघाड होती, पण आकाश वरच्या अंगाला काळं धरलेलं. तांड्याच्या बाया एका बाजूला, मुकुटबनचे लोक दुसऱ्या बाजूला. मधे खुर्चीवर नूकरत्नम बसली होती. गोदावरीच्या मुखाकडची कोळीण, सावळी, रुंद खांद्याची. खांद्यावर सत्काराची शाल, मांडीवर नारळ, आणि दोन्ही कसे सांभाळावेत हे न कळून अवघडलेली. लालीबाईला पाहताच तिचा चेहरा खुलला.

मागच्या हिवाळ्यात लालीबाई तिच्या घरी राहिली होती. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. पहाटे दोघींनी मिळून वाळूवर ओढलेलं जाळं उकललं होतं. त्यात मासे थोडे आणि पन्नी जास्त होती. पन्नीच्या गुंत्यात एक कासवीण होती, पाय कापले गेलेली. नूकरत्नमनं कोयता चालवला, लालीबाईनं कवच धरून ठेवलं. कासवीण सुटली, पण पाण्याकडं गेली नाही. तिथंच मान टाकली. नूकरत्नम तेव्हा वाळूत टेकली होती. बसून राहिली होती, आणि लालीबाई तिच्याजवळ.

आता ती बोलायला उभी राहिली. बबनराव पाटलांचं अदिलाबादला येणं-जाणं असल्यामुळं त्यांना तेलुगू येत होती. ते शेजारी उभे राहून सांगू लागले.

"बाई म्हणतात, आमच्या जाळ्यात ही काळी पन्नी येते. आमच्याकडं दर्यात कोणी मिरची लावत नाही. मंग आमाले प्रश्न पडला, ही येते कोठून? आमी नदीच्या वरच्या अंगाले इचारत-इचारत आलो. पहिल्यांदा राग घेऊन आलो होतो. मंग तुमी भेटले." बबनरावांनी तिचं पुढचं वाक्य ऐकून घेतलं. "म्हणतात, आता राग नाही. आता आमाले वाटते, वर आपली माणसं हायेत."

टाळ्या वाजल्या. लालीबाईनं वाजवल्या नाहीत. तिनं नजर फिरवली. बादल मंडपाच्या अगदी मागं, खांबाला टेकून उभा होता. आला होता म्हणजे.

संघर्ष पडद्याकडं निघाला. "आता एक गोष्ट दाखवाची हाये सगळ्यायले. आज सकाळचीच—"

"संघर्ष," रंजिता पटकन उठली. "ते नंतर घेऊ. अजून खात्री झाली नाही."

"ताई, आपलं ठरलं—"

"म्या म्हणलं ना, नंतर!"

रंजिताचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. मुकुटबनच्या बाजूनं नयन उठली. ती तिकडच्या बायांची पुढारी, बोलायला फटकळ.

"काय हाये त्यात? काहून झाकता?"

"झाकत नाही, नयन. चित्र साफ नाही."

"आमच्या पाटलाच्या येळी तं चित्रच नव्हतं. एका बाईनं पाह्यलं म्हणलं, अन् तुमी नाव घेतलं. तवा खात्री नाही लागली?"

बबनराव अजून नूकरत्नमशेजारीच उभे होते. त्यांनी रंजिताकडं पाहिलं, मग नेमसिंगकडं. नेमसिंगनं नजर वळवली. बबनरावांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू कठीण होत गेलेलं लालीबाईनं पाहिलं. त्यांना कळलं होतं. कोणाचं ते नाही, पण कुठल्या घराचं, ते कळलं होतं.

"राहू दे, नयन," बबनराव म्हणाले. "ज्याची त्याची रीत." आणि ते जाऊन आपल्या लोकांत बसले. नूकरत्नम एकटी उभी राहिली, कोणी काय म्हणतंय ते न समजून इकडंतिकडं पाहत.

लालीबाई उठली ती विचार करून नाही. आधी गुडघे सरळ झाले, मग लोकांच्या माना तिच्याकडं वळल्या, आणि मग तिला कळलं की आपण उभ्या आहोत.

"ट्रॉली आमची हाये," ती म्हणाली.

"लालीबाई, खाली बस!" नेमसिंग ओरडला.

तिनं पदर मागं सारला. पहिल्यांदाच ती जेठाकडं तोंड करून, त्याच्या डोळ्यांत पाहत बोलली.

"नाही बसत, नायक. ट्रॉली आमची हाये. आज सकाळी माह्या नवऱ्यानं मल्चिंगची पन्नी नाल्यात टाकली. त्यानं चूक केली. पण ते गोणे कोणं भरले? म्या भरले. या बायायनं भरले. आमी गोळा केलं, फोटो काढले, अन् सगळं त्याच्या दारात नेऊन टाकलं. व्यापारी घेत नाही म्हणून ते साचून राह्यलं, हे कोणीच पाह्यलं नाही. आमी आमच्या दारचा कचरा त्याच्या दारी टाकला, त्यानं नाल्यात टाकला. नाव घ्याचं असन तं त्याच्यासंगं माह्यं घ्या."

"याच घरचं मीठ खाल्लं ना तू!" नेमसिंग पुन्हा ओरडला.

"खाल्लं म्हणूनच बोलून राह्यली."

मग एकच गलका झाला. नयन आपल्या बायांना उठवू लागली. "चाला गं. यायचं यायच्यापाशी. आमाले काय शिकवते हे?" तिच्यामागून टेम्पोतले निम्मे लोक उठले. रंजिता आडवी गेली, हात जोडले, पण नयन तिला वळसा घालून निघून गेली. मागच्या बाजूनं कोणीतरी मोठ्यानं म्हटलं, "लमाण्यायचं असंच असते!"

लालीबाईनं डोळे मिटले. बादल बरोबर बोलला होता.

"कोण बोललं ते?" आवाज बबनरावांचा होता. ते खुर्ची ढकलून उभे राहिले होते, कानापर्यंत लाल. "उभा राह्य जो कोण असन तो! माह्यं नाव घेतलं तवा कोणं म्हणलं होतं का, पाटलायचं असंच असते? मंग आज जात काढाची नाही. बाईनं आपल्या घराचं नाव आपल्या तोंडानं घेतलं. तुह्यात हाये का तेवढी हिंमत?"

कोणी उभं राहिलं नाही. आणि त्याच वेळी रस्त्यावरून भोंग्याचा आवाज आला. तहसीलची गाडी होती. "नदीकाठच्या सर्व गावकऱ्यांना कळवण्यात येते की, धरणाचे दरवाजे आज सायंकाळी उघडण्यात येत आहेत. नागरिकांनी नदीपात्रात व नाल्यात उतरू नये..." गाडी पुढं गेली, आवाज बारीक होत गेला.

रंजिताचा चेहरा उतरला. "नदी फुगली का नाल्यात मागं पाणी भरते," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "उतरताना सगळं ओढून नेईन."

नूकरत्नमनं बबनरावांना विचारलं, काय चाललंय? त्यांनी थोडक्यात सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली, नारळ तिच्यावर ठेवला, आणि लुगड्याचा काष्टा कसला.

"नाला किधर?" तिनं लालीबाईला विचारलं.

लालीबाईनं खांबाकडं पाहिलं. बादल तिथं नव्हता.

*

नाला अजून शांत होता, पाणी पोटरीएवढं. पण पन्नी काठभर पसरली होती, बेशरमीच्या झुडपांत, दगडांच्या फटींत, बाभळीच्या उघड्या मुळांत. चिखलानं भरलेली एक पट्टी ओढायला दोघी लागत होत्या. ती खांद्यावर टाकून चढ चढायचा, वर फेकायची आणि पुन्हा उतरायचं. तांड्याच्या बाया उतरल्या, संघर्ष उतरला, बबनराव धोतर खोचून उतरले. मुकुटबनचे जे राहिले होते तेही आले. रंजिता कोणाशी न बोलता काम करत होती. एकदा तिच्या हातातलं ओझं लालीबाईनं अर्धं उचललं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी बोलाले पाह्यजे होतं, काकी. तू नाही." दोघींनी मिळून ते वर नेलं.

नेमसिंग काठावर उभा होता. पाण्यात उतरला नाही. तिथंच, पागोटं बांधलेलं, नदीच्या दिशेला टक लावून.

अशानं सगळं निघणार नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं. वर फेकलेला ढीग पुन्हा घसरून खाली येत होता. तेवढ्यात चढावरून ट्रॅक्टरचा आवाज आला. तो मागं-मागं येत, डगमगत, उतारावर थेट पाण्याच्या कडेपर्यंत आला. बादल उतरला. कोणाकडं न पाहता त्यानं ट्रॉलीची मागची फळी पाडली आणि पाण्यात शिरला. लोक एकमेकांकडं पाहत राहिले, मग संघर्षनं पहिला गठ्ठा ट्रॉलीत टाकला. त्यावर दुसरा पडला, तिसरा पडला.

"पाणी गढूळ झालं!" नेमसिंग काठावरून ओरडला. थोड्या वेळानं, "फेस आला! नदीकडून चढून राह्यलं!"

पाणी गुडघ्यावर आलं. बबनरावांनी नूकरत्नमला वर पाठवायला पाहिलं, ती हसली आणि आणखी आत गेली. तिला पाण्याची भीती नव्हती. काही पट्ट्या हाताला लागेपर्यंत सुटून गेल्या. काळ्या, वळवळत्या, नाल्याच्या वरच्या वळणाला दिसेनाशा झाल्या. रंजिता एका पट्टीमागं धावली, संघर्षनं तिला दंडाला धरून ओढलं.

"वर या सगळे!" नेमसिंगचा आवाज फाटला. "बादल! वर ये बे!"

बादल बाभळीच्या मुळांपाशी अडकला होता. तिथं सर्वांत मोठा गठ्ठा दबला होता, अर्धा चिखलात. तो एकटा ओढत होता. लालीबाई पाणी कापत त्याच्यापर्यंत गेली. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

"तिकडून धर," तो म्हणाला.

तिनं धरलं. दोघांनी पाय रोवले. गठ्ठा हलला, पुन्हा बसला, पुन्हा हलला, आणि एकदम सुटला तेव्हा दोघंही पाण्यात बसली. बादलनं तिला दंडाला धरून उभं केलं, नको तितक्या जोरानं, आणि लगेच सोडून दिलं.

*

ट्रॉली शिगोशीग भरली होती. मागं नाला भरून आला होता, त्यात उतरायची आता कोणाची छाती नव्हती. काठावर सगळे चिखलानं माखलेले उभे. टेम्पो निघून गेला होता. मुकुटबनला फोन करावा लागणार होता, नयनला समजवावं लागणार होतं, आणि ती समजेलच असं नव्हतं. उद्याच्या वर्तमानपत्रात काय येईल तेही कोणाला माहीत नव्हतं.

"आता हे कोठी न्यायचं?" संघर्षनं विचारलं.

गोदामात नेलं की पुन्हा तेच. सगळ्यांनी रंजिताकडं पाहिलं. तिनं मान हलवली, मलाही माहीत नाही अशी. आजवर तिनं हे कधी कबूल केलं नव्हतं.

बादल ट्रॅक्टरवर चढला. "नायकाच्या अंगणात," तो म्हणाला.

"काय म्हणलं?" धनीबाई कधी येऊन उभी राहिली होती कोणास ठाऊक.

"भावाच्या अंगणात टाकतो. निवाड्याची नसाब तथीच बसते, पंगत तथीच बसते. रोज सगळ्यायच्या डोळ्यासमोर राहू दे. कोणीतरी तं इचारन, याचं पुढं काय." त्यानं इंजिन सुरू केलं. मग लालीबाईकडं न पाहता, समोरच्या रस्त्याकडं पाहत म्हणाला, "बसाचं असन तं बस."

ती मडगार्डवर बसली. ट्रॅक्टर तांड्यातून निघाला, मागून सगळे चालत. चिखलाचं पाणी रस्त्यावर गळत होतं, दारादारांतून लोक पाहत होते.

नेमसिंग त्यांच्याआधीच घरी पोचला होता. अंगण शेणानं सारवलेलं, स्वच्छ, कडेला तुळस. दारासमोर त्याची बाज टाकलेली होती, जिच्यावर बसून त्यानं तांड्याचे कितीतरी निवाडे केले होते. ट्रॅक्टर फाटकाशी येऊन थांबला. बादलनं इंजिन बंद केलं नाही, खाली उतरलाही नाही. तो वाट पाहत होता. लालीबाईनं पदर सावरला नाही. तीही पाहत होती.

नेमसिंगनं पागोटं काढून तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलं, दोन्ही हातांनी बाज उचलली आणि भिंतीला उभी करून ठेवली.

"घे मागं," तो भावाला म्हणाला. "जागा केली."